बधिर बोटांनी भरलेला चुडा

अहेरीच्या आठवडी बाजारात सईदाबीची जागा ठरलेली होती. कापडवाल्यांची ओळ संपते तिथे कडुलिंबाखाली एक सतरंजी, तिच्यावर बांगड्यांच्या उघड्या पेट्या आणि पेट्यांच्या मागे पदर कानामागे खोचून बसलेली सईदाबी. गिऱ्हाईक पुढ्यात बसलं की ती माप विचारायची नाही. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबायची आणि म्हणायची, "दोन-चार." एखादी म्हणाली, नाही हो, मला दोन-सहा लागते, तर सईदाबी तिच्याकडे अशी बघायची की त्या बाईला स्वतःच्याच हाताची शंका यावी. मग सासूची, दिराची, वांग्यांच्या भावाची चौकशी चालू असतानाच मनगट काचेने भरून गेलेलं असायचं. "माह्या हातानं कोनाले दुखलं तं चुडी फुकट," हे ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगे. गर्व होता तिला, आणि तो झाकून ठेवायची गरज तिला वाटत नसे.

मी तिची शेजारीण. इथल्या शाळेत शिकवते, म्हणून गाव मला मास्तरीनबाई म्हणतं. माझं घर बाजाराला पाठ लावून आहे, त्यामुळे बाजारातलं भांडणही मला घरबसल्या ऐकू येतं. सईदाबीने मलाही कधी सोडलं नाही. "पोराईले मारू मारू हात लाकूड करून घेतला तुमी. चुडी काय आत जाईन, खिळा बी नाई जाचा," असं ती चार बायकांत म्हणायची. मी पोरांवर हात उगारत नाही, हे सांगून काही फायदा नव्हता. हसणाऱ्यांना खरं-खोटं नको असतं.

दोन वर्षांमागे ही सईदाबी पिवळी पडली. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि अंगाला अशी खाज की बसल्या जागी ती पेटीच्या कडेला पाठ घासायची. कावीळ म्हटली की आमच्याकडे ज्याला त्याला औषध ठाऊक असतं. कोणी तिच्या गळ्यात काविळीची माळ बांधली. कोणी गोंडपिपरीकडच्या वैदूचं मूळ आणून दिलं. कोणी जेवणातली हळद बंद करायला लावली. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून तीही निवांत होती. माळ लांबत गेली की कावीळ उतरते असं समजतात. माळ बेंबीपर्यंत लांबली, कावीळ होती तिथेच राहिली. शेवटी तिचा मुलगा शहबाज, ज्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिला गाडीत घालून आधी चंद्रपूरला आणि तिथून नागपूरला घेऊन गेला. तिथे कळलं की दुखणं काविळीचं नाही. पोटात मागच्या बाजूला जे स्वादुपिंड असतं, तिथे गाठ आहे आणि गाठ कॅन्सरची आहे.

हा शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं घरात ठरलं. शहबाजने गावात सांगितलं की अम्मीच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. मला खरं माहीत होतं, कारण आमची भिंत एक आहे आणि त्यांचं रडणं मी ऐकलं होतं. सईदाबीने मला शपथ घातली. तिचं म्हणणं सरळ होतं. बांगड्या भरणारीला गावातल्या प्रत्येक बाईचा हात हातात घ्यावा लागतो. नवरीचा घ्यावा लागतो, गर्भारशीचा घ्यावा लागतो. कॅन्सर स्पर्शाने होत नाही हे मी शाळेत हजारदा सांगितलं असेल, पण त्याच शाळेतल्या आया अशा घरचं पाणी पीत नाहीत हेही मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

ऑपरेशन निभलं. माणसं इथवरच विचारतात. ऑपरेशन झालं ना? मग बरं झालं! पुढे जे जगावं लागतं त्याची चौकशी कोणी करत नाही. सईदाबीच्या पोटातला अर्धा कारखानाच डॉक्टरांनी काढून टाकला होता. तेल-तूप पचवायचं तर पहिल्या घासाबरोबर गोळी घ्यायची, नाहीतर खाल्लेलं तसंच बाहेर. तेलकट, तरंगणारं, आणि वास असा की तिचा तिलाच सहन होत नसे. गोड खाल्लं तर घाम फुटायचा आणि घाईची लागायची. त्यावर दर पंधरवड्याला नागपूरला जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं, आणि त्या औषधाचं वेगळंच. अहेरीहून नागपूर म्हणजे अख्खा दिवस बस. सईदाबी आदल्या दुपारपासून उपाशी राहायची, दाराजवळची सीट धरायची आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात दुसरं लुगडं. हे लुगडं कशाला, असं तिच्या सुनेने, आयशाने, एकदा विचारलं. तर म्हणे, तिथं थंडी असते.

बाजाराच्या दिवशी ती माझ्या घरी यायची; तिच्या घराला बाजाराकडून वळसा पडतो आणि घरात सून असायची. "मास्तरीनबाई, पानी पिऊन घेते," असं दारातून म्हणायची आणि सरळ मागच्या अंगणात निघून जायची. बऱ्याच वेळाने परत यायची. बादल्यांवर बादल्या पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग उदबत्तीचा वास. उदबत्ती ती आपल्या घरून आणायची, काड्यापेटीसकट. जाताना एक घोटही पाणी प्यायची नाही. मला कळत नाही असं ती दाखवायची आणि मीही वहीत डोकं घालून बसायचे. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "उदबत्तीचा धूर गेला," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, ही फार धूर करते."

खरी आफत बोटांवर आली. औषध सुरू झाल्यावर गार वस्तूला हात लावला की तिला झटका बसायचा. थंडीच्या सकाळी काचेची बांगडी म्हणजे गार वस्तूच. मग ती सगळ्या पेट्या आधी उन्हात उघडून ठेवायची आणि बांगड्या कोमट झाल्या की धंदा सुरू करायची. बायकांनी विचारलं तर म्हणायची, "ऊन दाखवलं की काच नरम येते." ही थाप इतकी खपली की पलीकडचा बांगडीवालाही आपल्या पेट्या उन्हात मांडायला लागला. हे सांगताना ती कितीतरी दिवसांनी पोटभर हसली होती.

पुढे झटके कमी झाले आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. बोटांची टोकं मुकी झाली. हात हातात घेतला तरी हाड कुठे, मांस कुठे, तिला कळेना. माप चुकायला लागलं. आधी साबण लागला, मग तेल लागलं, आणि काच वाढायला लागली. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "आजकाल मालच खराब येऊन राह्यला," सईदाबी म्हणायची. जिच्या हाताने कोणाला दुखत नव्हतं, तिच्यापुढे बसून बायका दात-ओठ आवळायला लागल्या आणि ती मान खाली घालून काम करायला लागली. चौकशा बंद झाल्या, चेष्टा बंद झाली.

नागपूरला दर वेळी नर्स विचारायची, हातापायाला मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, पोट कसं आहे. शहबाज शेजारी उभा असायचा. मुलासमोर पोटाचं काय सांगायचं? "साफ होते," ती म्हणायची. आणि बोटांचं विचारलं की हसायची. "चुडीवालीचे बोटं हाय, बाई. बारा मह्यने काच दाबतो आमी. मुंग्या तं येनारच." तिला तसं खरंच वाटत होतं. उभा जन्म काच दाबली, त्याचंच हे फळ, असं ती मलाही सांगायची. मी तिला म्हटलं, सगळं नीट सांगा एकदा. तर म्हणाली, "औषध बंद केलं मंग? अन् सांगू काय? तिथं सारे मरून राह्यले अन् मी बोटाचं रडगानं गाऊ? लाज नाई वाटत का?"

आता मनकर्णाचं सांगायला हवं. मनकर्णा म्हणजे बस स्टँडजवळ खानावळ चालवणारी. तिच्या हातच्या वड्यांसाठी आलापल्लीचे लोक वाट वाकडी करून येतात, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे. सईदाबी आणि ती एकाच साली लग्न होऊन अहेरीत आल्या. मनकर्णाची मुलगी दिव्या जन्मली तेव्हा तिच्या हातात पहिली काळी मनगटी सईदाबीनेच घातली होती. लग्नघरात बांगड्या भरायला आलेल्या बाईला आधी जेवू घालायचं आणि मग नवरीचा हात तिच्या हातात द्यायचा, ही इथली रीत. सईदाबी अशा घरी मांडी ठोकून जेवायची. वडे मागून घ्यायची, भाजीला नावं ठेवायची, वर बुंदी पदरात बांधून न्यायची.

आजारानंतर तिने लग्नघरी जेवणं सोडलं. उपास आहे, जेवून आले, दात दुखतो, असं काहीबाही सांगायची. गोळी काढून घेतली तर कशाची म्हणून विचारतील, आणि न घेता खाल्लं तर परक्या घरी पळापळ. दिव्याच्या साखरपुड्यात मनकर्णाने स्वतः ताट वाढून आणलं. सईदाबीने ताटाला हात जोडले आणि ते बाजूला सारलं. मनकर्णाचा चेहरा उतरला. तिच्या ताटाला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं.

मग मनकर्णा बोलली. खानावळीत बोलली, हापशीवर बोलली. "आता तिले आमचं खानं नाई चालत. शहबाजचं दुकान चाललं, मोठे झाले ते. आमच्या ताटाचा विटाळ होते तिले." बाजारात साड्या विकणारी रंजीता ही गोष्ट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन गेली, आणि तिच्या तोंडी ती चांगलं बाळसं धरायची. काही घरांनी सईदाबीला बोलावणं बंद केलं. मला राग आला. मी सईदाबीला म्हटलं, "अहो, निदान पोटाचं दुखणं आहे एवढं तरी सांगा. लोक तुम्हाला काय काय म्हणतात."

ती बराच वेळ पेटीतल्या बांगड्या सारख्या करत बसली. मग म्हणाली, "म्हनू द्या. गंदी म्हनन्यापेक्षा कट्टर म्हनलेलं बरं. कट्टर बाईच्या बाजूनं कोनी नाक धरून उठत नाई."

दिव्याच्या लग्नाला मात्र मनकर्णाने तिला बोलावलं. रागावली होती तरी त्या पोरीचा चुडा दुसऱ्या कोणाच्या हातून भरायचा हे तिच्या मनातही आलं नाही. सईदाबीलाही दुसरं काही सुचत नव्हतं. ती दोन दिवस माझ्या हातावर सराव करत होती. माझ्या लाकडी हातावर! "दुखलं का? खरं सांगा," असं दर बांगडीला विचारायची. दुखत होतं. मी नाही म्हणत होते. एवढा एक चुडा नीट भरला की मग पेट्या आयशाला देऊन टाकीन, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

चुडा भरायच्या सकाळी मांडवात बायकांची दाटी. दिव्या पाटावर बसलेली, हळदीने पिवळी. सईदाबी पेटी घेऊन आली तशी मनकर्णा आतून ताट घेऊन आली. पुऱ्या, वांग्या-बटाट्याची भाजी, वडे, बुंदी. ताट समोर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"खाल्ल्याबगर माह्या पोरीच्या हाताले हात नाई लावाचा. चालत नसन तं आत्ताच सांग. सगळ्याईच्या समोर सांग."

बायकांच्या माना वळल्या. रंजीता तर पुढे सरकून बसली. सईदाबीची गोळ्यांची पुडी तिच्या कमरेच्या बटव्यात होती. मी पाहिलं, तिचा हात बटव्याकडे गेला, आणि मग तिने सगळ्या बायकांचे चेहरे पाहिले आणि हात मागे घेतला. मी उठायला लागले तर तिने माझ्याकडे डोळे वटारले. मग ती जेवली. दोन पुऱ्या, एक वडा, आणि मनकर्णा बघते आहे म्हणून बुंदीही. "मस्त झालं," ती म्हणाली. मनकर्णाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला वाटलं, भांडण मिटलं.

डावा हात छान भरला. सईदाबी हळू हळू, बघून बघून बांगड्या चढवत होती आणि दिव्या खाली मान घालून बसली होती. उजवा सुरू केला आणि काच वाढली. सगळ्यांनी ऐकलं. सईदाबी म्हणाली, "काई नाई, काई नाई," आणि दुसरी घेतली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "रगत!"

दिव्याच्या हळदीच्या मनगटावर रक्त. नवरीच्या हाताला, चुडा भरताना, रक्त! सईदाबी पांढरीफटक पडली. तिने दिव्याचा हात उलटा-सुलटा करून पाहिला, पदराने पुसला, जखम सापडेना, आणि पुसलं की पुन्हा लाल. दिव्याच म्हणाली, "मावशी, माह्यं नाई. तुह्यं बोट पाह्य."

काचेचा तुकडा सईदाबीच्या बोटात उभा घुसला होता. ती त्याच बोटाने इतका वेळ बांगडी दाबत होती. तिला कळलंच नव्हतं.

तिने तुकडा उपसला, बोट पदरात गुंडाळलं, आणि तशीच अर्धवट उठली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मला समजलं. "येते," एवढं म्हणून ती मागच्या दाराकडे निघाली, भराभर, आणि दाराशी पोचता पोचता तिची चाल बदलली. पाय जवळ घेऊन, भिंत धरून. बायकांना वाटलं, रक्त बघून चक्कर आली. मनकर्णाला वाटलं, अर्धा चुडा टाकून निघून चालली. ती तरातरा मागे गेली आणि मी तिच्यामागे.

न्हाणीचं दार आतून लावलेलं होतं. मनकर्णाने ते बडवलं. "असं काऊन करून राह्यली तू? माही पोरगी पाटावर बसली हाय! एकीच्या हातानं सुरू केलेला चुडा दुसरीच्या हातानं पुरा होते का?"

आतून पाण्याचा आवाज. मग सईदाबीचा, रडवेला. "मनकर्णा, जा तू. मले घरी जाऊ दे. मास्तरीनबाईले पाठव."

मनकर्णाने दार जोरात ओढलं, तशी आतली सैल कडी निसटली आणि दार उघडलं. सईदाबी कोपऱ्यात उकिडवी बसली होती. लुगडं खराब झालं होतं, पाय खराब झाले होते, आणि ती एका हाताने तांब्या धरून, दुसऱ्या हाताच्या बोटातून रक्त गळत असताना, फरशी धूत होती. स्वतःला नाही, मनकर्णाची फरशी. ती आमच्याकडे बघेना. मलाच वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"कॅन्सर हाय मले," सईदाबी भिंतीला म्हणाली. "तेल पचत नाई. गोड पचत नाई. अशी होते."

"मंग सांगाचं नाई?" मनकर्णाचा आवाज फुटला. "सांगाचं नाई तू मले?"

"काय सांगू? भर मांडवात सांगू, लुगड्यात हगते म्हनून?"

मनकर्णाने आपलं नवं लुगडं वर खोचलं, खाली बसली, तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि तिचे पाय धुवायला लागली. सईदाबी पाय मागे ओढत होती आणि मनकर्णा ते पुढे ओढत होती. दोघी भांडल्यासारख्या रडत होत्या. मी बोटाला चिंधी बांधली. मला जमली तेवढीच मदत.

तिला मनकर्णाचं लुगडं नेसवून आम्ही बाहेर आणलं. "पानी सांडलं तिच्या अंगावर," मनकर्णाने बायकांना सांगितलं. त्याआधी न्हाणीतच सईदाबीने तिच्याकडून शपथ घेतली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून. दिव्या तशीच पाटावर बसली होती, एक हात भरलेला आणि एक रिकामा. तिला आईने काही सांगितलं नाही, पण बोटाचं तिने पाहिलं होतं. तिने रिकामा हात पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, तू भर. मी सांगतो तुले." आणि मग ती सांगत गेली. "इथी दुखते... जरा तिकडून... आता नाई दुखत." नवरीने मान वर करून बोलू नये म्हणतात. ती उजवा हात भरेपर्यंत बोलत होती. चुडा पुरा झाल्यावर ती पाया पडायला वाकली तर सईदाबी पाय पोटाशी घेऊन मागे सरकली. "आज नको, बेटा. आज पायाले हात नको लावू." दिव्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सईदाबीने चिंधी बांधलेला हात हवेतच धरून ठेवला.

पुढच्या खेपेला नागपूरला तिने शहबाजला बाहेर उभं केलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, बोटांवर परिणाम करणारं औषध पहिल्या तक्रारीलाच कमी करता आलं असतं. आता ते थांबवू, पण गेलेली बोटं किती परत येतील ते सांगता येत नाही. गोळीही कमी पडत होती, तीही वाढवली. पोट बरंच सावरलं. "एवढंच होतं," ती मला म्हणाली. "त्याईनं दर बारी विचारलं, अन् मी दर बारी हासली."

इकडे मनकर्णाची वेगळीच पंचाईत झाली. तिने जे पेरलं होतं ते उगवून आलं होतं, आणि उपटायला गेलं तर शपथ आडवी. एक दिवस रंजीता चार जणींना घेऊन खानावळीत बसली होती. म्हणाली, "सईदाबी दिव्याच्या लग्नात जेवली खरी. धाकानं जेवली. घरी जाऊन आंग धुतलं असन." मी तिथेच होते. मनकर्णाच्या हातात झारा होता. ती कढईपुढून बाहेर आली, आणि मला वाटलं आता हिच्या तोंडून खरं निघतं.

"ते माह्या ताटामुळंच खात नवती," मनकर्णा मोठ्याने म्हणाली. "मागं एकदा मी तिले उतरलेली भाजी वाढली. रातची होती. लय बिमार पडली ते. पित्ताचं ऑपरेशन त्याच्यानंच झालं. तेव्हापासून भेव घेतला तिनं साऱ्याच लग्नघरच्या जेवनाचा. तिनं माही लाज राखली, अन् मी तिलेच बदनाम केलं."

खानावळवाली बाई भरल्या खानावळीत असं म्हणते! पलीकडच्या बाकावरच्या ड्रायव्हरने वडा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून बाकं रिकामी दिसायला लागली. मनकर्णा मोकळ्या बाकांवरून फडकं फिरवत बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "मीच बोलली होती ना तोंड भरून? आता मीच भोगीन."

हे सईदाबीच्या कानावर गेलं तेव्हा ती दोन दिवस घरातून निघाली नाही. बाजाराच्या दिवशी निघाली. पेट्या मांडल्या, मला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. गर्दी झाली. रंजीता आपलं साड्यांचं दुकान मुलीवर सोडून आली, मोरपंखी हव्यात म्हणाली. सईदाबीने तिचा हात हातात घेतला. आजूबाजूला सात-आठ बायका होत्या. सईदाबीची मान वर होती.

"रंजीता, मनकर्णाची भाजी उतरलेली नवती," ती जुन्या आवाजात म्हणाली, अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं. "झूट बोलून राह्यली ते, माह्यासाठी. मले कॅन्सर हाय. पोटाचा. तेल खाल्लं की पोट राहत नाई, लुगडं खराब होते. म्हनून मी कोनाच्या घरी खात नवती. दुसरं काई नाई. वडे खाले जा तिच्याकडं."

मी रंजीताच्या हाताकडे बघत होते. सईदाबीच्या बोटांत तो हात ताठ झाला. मनगट वळलं, बोटं आक्रसून मागे यायला लागली आणि तिथेच थबकली. सईदाबीने तो हात तसाच धरून ठेवला होता. तिच्या बोटांना काही कळलं नव्हतं. तिने रंजीताच्या चेहऱ्याकडे पाहिलं तोवर रंजीताने तिथे हसू आणून ठेवलं होतं.

सईदाबी माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "पाह्यलं, मास्तरीनबाई? इतके दिवस उगीच लाजली मी. रंजीतानं हात बी नाई ओढला."

मी म्हटलं, "नाही ओढला."